उद्यमबागेतून शेतवडीकडे

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. पण ती म्हणणाऱ्या किती जणांनी आपल्या मुलाला शेतीत ठेवले? आमच्या भागात तर उलटेच घडले. ज्याला जमले त्याने मुलाला आयटीआयला घातले, टर्नर-फिटर केले आणि उद्यमबागेत चिकटवून दिले. मुलाला ‘पर्मनंट’ची ऑर्डर मिळाली की गावभर पेढे वाटले. शेती म्हाताऱ्यांकडे राहिली आणि म्हण तेवढी सर्वांच्या तोंडी राहिली!

उद्यमबाग म्हणजे बेळगाव शहराच्या दक्षिणेला, खानापूर रस्त्याला लागून असलेली आपली औद्योगिक वसाहत. तिसरे रेल्वे गेट ओलांडले की फौंड्रीच्या वाळूचा आणि तापल्या लोखंडाचा वास सुरू होतो. पंपाचे भाग, मोटारींचे सुटे भाग, हायड्रॉलिक यंत्रे असे कितीतरी इथे बनते. ते बनवणारे हात मात्र बरेचसे खेड्यातले. मच्छे, पिरनवाडी, झाडशहापूर, देसूर, नंदिहळ्ळी, येळ्ळूर आणि थेट खानापूरपलीकडच्या गावांतून माणसे मोटारसायकलीने, बसने येतात. दिवसभर यंत्रावर, रविवारी शेतवडीत असा हा दुहेरी संसार. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एक वाक्य हमखास कानावर पडते, “आता थोडी वर्षे काढायची, मग गावाला जाऊन निवांत राहायचे.”

मी उद्यमबागेत २८ वर्षे लेथवर काढली. अनगोळला भाड्याचे घर. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात वडिलार्जित दीड एकर जमीन आणि मातीच्या भिंतींचे जुने घर. जुन्या लेथची कामे नव्या संगणकीय यंत्रांकडे जाऊ लागली, ओव्हरटाईम थांबला आणि गावात आई एकटी पडली. २०२१ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ५२ व्या वर्षी, आम्ही बिऱ्हाड गावाला हलवले. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, “कसे काय जमते हो? आम्हीही यावे म्हणतो!” त्या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

विचार जुना, वाट आपल्याच गावची

कमी गरजांत, आपल्या हाताने पिकवून जगावे ही काही आजची कल्पना नव्हे आणि ती परदेशातूनही आलेली नाही. उद्यमबागेपासून दोन-तीन किलोमीटरवर टिळकवाडीत डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे हे एकमेव अधिवेशन. त्याची आठवण आपल्याला काँग्रेस रोड आणि काँग्रेस विहीर या नावांनी रोज होते. पण याच अधिवेशनात सभासदत्वासाठी पैशांच्या वर्गणीऐवजी दरमहा २००० वार सूत देण्याच्या अटीवर शिक्कामोर्तब झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. देशाची चळवळ करायची तर आधी स्वतःच्या हाताने काहीतरी बनवा, असा त्याचा अर्थ. ती अट पुढे फार टिकली नाही, तो भाग वेगळा.

पुढे एप्रिल १९३७ मध्ये गांधीजी बेळगाव तालुक्यातल्या हुदलीला येऊन राहिले. गांधी सेवा संघाचे संमेलन तिथे भरले होते. हुदली हे गंगाधरराव देशपांडे यांचे गाव. वतनदार घराण्यातल्या या माणसाने खादीचा ध्यास घेतला आणि हुदलीची खादी नावारूपाला आली. गावाने गावाला लागणारे कापड विणावे, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

विनोबांनी तर हा हिशेब टोकापर्यंत नेला. १९५० च्या सुमारास पवनारच्या परमधाम आश्रमात त्यांनी ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग सुरू केला. पैशाचा आधार न घेता जगायचे. बैल न वापरता, हाताने शेती करायची. त्याला त्यांनी ‘ऋषिशेती’ म्हटले. आश्रमवासीयांनी त्यासाठी विहीरही स्वतः खणली. पण ते आश्रमवासी होते. त्यांना मुलांची फी भरायची नव्हती की मुलीचे लग्न ठरवायचे नव्हते. आपण संसारी माणसे. आपल्याला दाखला हवा तो संसारी माणसाचाच.

दापोलीचे कुलकर्णी आणि गारगोटीचे दाभोलकर

असा दाखला कोकणात आहे. दिलीप कुलकर्णी हे अभियंते. पुण्यातल्या टेल्कोतली नोकरी त्यांनी सोडली, काही वर्षे विवेकानंद केंद्राचे काम केले आणि पुढे पत्नी पौर्णिमा यांच्यासह दापोली तालुक्यातल्या कुडावळे या खेड्यात घर केले. गरजा जाणीवपूर्वक कमी करायच्या, यंत्रांवर आणि विजेवर शक्य तितके कमी अवलंबून राहायचे, असा त्यांचा जगण्याचा क्रम. ‘गतिमान संतुलन’ हे मासिक त्यांनी खेड्यातूनच अनेक वर्षे चालवले. त्यांची ‘निसर्गायण’ आणि ‘दैनंदिन पर्यावरण’ ही पुस्तके मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. मला त्यांच्या विचारातली एक गोष्ट फार पटली. उत्पन्न किती हवे हे आधी ठरवायचे नाही, गरज किती आहे हे आधी ठरवायचे. आपण नेमके उलटे करतो. पगार वाढला की गरजा वाढवतो आणि गरजा वाढल्या म्हणून ओव्हरटाईम मागतो.

दुसरा दाखला आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातला. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे ते थोरले बंधू. शेतकऱ्यांनी आपल्या शेतात प्रयोग करावेत, त्यांच्या नोंदी ठेवाव्यात आणि एकमेकांना सांगाव्यात, यासाठी त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतीला या परिवाराचा मोठा हातभार लागला. २००१ मध्ये ते गेले. दाभोलकरांनी मांडलेले सूत्र असे की, पाच माणसांच्या कुटुंबाला नीट जगायला दहा गुंठे जमीन पुरू शकते. पानावर पडणारे ऊन हे खरे भांडवल आणि काडीकचरा कुजवून केलेली माती ही त्याची तिजोरी!

दहा गुंठे म्हणजे पाव एकर, जवळपास १०,८९० चौरस फूट. आकडा ऐकून अंगावर मूठभर मांस चढते. दीड एकरवाल्याला तर आपण जमीनदारच झालो असे वाटते. पण हे सूत्र पाणी, रोजची निगा आणि बारीक नोंदी यांवर उभे आहे. रोज त्या दहा गुंठ्यांत उभे राहणाऱ्या माणसासाठी ते आहे. रविवारी येऊन जाणाऱ्यासाठी नाही.

तांदळाचा हिशेब

कागद-पेन्सिल घेऊन आपणही हिशेब करून पाहू. आमच्या भागात दोन्ही वेळा भात असतोच, जोडीला भाकरी. माणशी दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ धरला तर चार माणसांना वर्षाला २९२ किलो, म्हणजे तीन क्विंटलच्या आत. भाताचा तांदूळ होताना शंभर किलोला साधारण ६५ किलो हाती येतो. म्हणजे घरच्या तांदळासाठी साडेचार क्विंटल भात हवे. पावसाच्या भरवशावर, एकरी १५ क्विंटल असा मध्यम उतारा धरला, तर त्याला लागतात १२ गुंठे.

आम्ही तीस गुंठ्यांत भात करतो. काही इंद्रायणी, काही इंटाण. अकरा क्विंटलच्या वर भात येते, तांदूळ होतो सव्वासात क्विंटल. घरचा आणि मुलाच्या खोलीवर जाणारा मिळून साडेतीन क्विंटल. दोन बहिणींना एकेक पोते. उरलेला अडीच-पावणेतीन क्विंटल विकतो. बाकी जमिनीत उतारावर नाचणा, थोडा भुईमूग, घराला लागून तीन गुंठे भाजी, बांधाला काजू आणि फणस. भात निघाल्यावर ओलीवर मसूर आणि वाल टाकतो. लाल तिखटाची मिरची, गूळ, तेल आणि तूरडाळ विकतच आणावी लागते.

आता खरी गंमत ऐका. अनगोळला असताना आमच्या घरखर्चाची वही सौ. लिहीत असे. त्या वहीत किराणा आणि भाजीचा खर्च महिन्याच्या एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. गावाला आल्यावर त्यातला निम्मा वाचला. म्हणजे घाम गाळून पिकवले तरी एकूण खर्चाचा सहावा हिस्साच वाचला! सर्वांत मोठी बचत झाली ती घरभाड्याची. आणि दुसरी बचत तर शेतीतली नव्हेच. समोर दुकान नसल्यामुळे ज्या वस्तू घेतल्याच जात नाहीत, त्यांची ती बचत. वीजबिल, मोबाईल, औषधे, मुलीचे कॉलेज, मोटारसायकलचे पेट्रोल, लग्नकार्यातले आहेर... यातले काहीही वाफ्यात उगवत नाही.

म्हणून ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द जपून वापरावा. पोटापुरते पिकवणे हा पाया झाला. त्यावर घर उभे राहायला रोख पैसा लागतोच.

रोख पैसा कुठून?

उद्यमबागेतल्या माझ्या सोबत्यांनी हा भाग नीट वाचावा. पीएफचा पैसा एकदाच मिळतो. ग्रॅच्युइटीचा साधा हिशेब म्हणजे शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या महिन्याला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि पुन्हा नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. पेन्शनच्या योजनेत किमान दहा वर्षे नोकरी झालेली असावी लागते. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण जितकी वर्षे आधी तितके ४ टक्के दरवर्षी कमी. २०१४ मध्ये सरकारने किमान पेन्शन हजार रुपये ठरवले. यावरूनच कळावे की या पेन्शनवर चूल पेटत नाही, फार तर तिच्यावर चहा होतो.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. ईएसआयमध्ये किमान पाच वर्षे विमा असलेल्या कामगाराला निवृत्तीनंतर, स्वेच्छानिवृत्तीनंतरही, वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वैद्यकीय सोय चालू ठेवण्याची तरतूद आहे. नोकरी सोडण्यापूर्वी तिची चौकशी करा आणि कागद पूर्ण करा. खेड्यात माणूस आजारी पडला की आधी गाडी शोधावी लागते, मग दवाखाना, मग पैसे. निदान त्यातली एक चिंता तरी कमी असावी.

आमचे म्हणाल तर मी आठवड्यातले दोन दिवस अजूनही यंत्रावर जातो. जुन्या ओळखीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, रोजंदारीवर. कोणी म्हणेल, मग नोकरी सोडली कशी? पण आठवड्यात सहा दिवस आणि दोन दिवस यात फार फरक आहे. सहा दिवसांत मी यंत्राच्या वेळेने जगत होतो. आता पेरणी आणि सुगीच्या वेळी मी मालकांना सांगतो, “पंधरा दिवस येणार नाही.” ते सांगण्याची ताकद घरातल्या तांदळाच्या कणगीने दिली आहे.

सौ.च्या अटी

साधे जीवन, निसर्गाचा सहवास वगैरे गोष्टी पुरुषमाणसे फार हौसेने बोलतात. गावाला जायचा विषय मी काढला तेव्हा सौ.ने शांतपणे विचारले, “अहो, स्वयंपूर्ण होणार म्हणजे कोण होणार? पाणी मी आणणार, दळण मी नेणार, शेणघाण मी काढणार, पापड-लोणची मी घालणार. मग तुम्ही काय होणार?”

या प्रश्नाला मी दोन दिवस उत्तर शोधले. मग तिनेच चार अटी घातल्या. पहिली, शौचालय, न्हाणीघर आणि घरात नळाने पाणी झाल्याशिवाय बिऱ्हाड हलणार नाही. दुसरी, गॅस राहील, चूल फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती. तिसरी, पहिले वर्ष जनावर नाही. दुभते जनावर म्हणजे घरातल्या बाईला कायमचे बांधून ठेवलेले दावे. चौथी, पीएफच्या पैशातली निम्मी ठेव तिच्या नावावर.

चारही अटी पाळल्या आणि त्यामुळेच आज आम्ही गावात आहोत, असे मला वाटते. कित्येक घरे मी पाहिली, जिथे नवरा उत्साहाने गावाला आला आणि वर्षभरात बायको मुलांच्या शाळेचे निमित्त करून परत बेळगावला गेली. निमित्त शाळेचे असते, खरे कारण विहिरीच्या काठावर असते.

सौ. अनगोळला शिलाईकाम करीत असे. वीस वर्षांत जोडलेली गिऱ्हाइके गेली, याचे तिला अजूनही वाईट वाटते. भिशीच्या मैत्रिणी गेल्या, संध्याकाळचे देऊळ गेले. गावात ब्लाऊज शिवून घेणाऱ्या आहेत, पण पैसे सुगीवर देतात! कर्नाटकात जून २०२३ पासून महिलांना सरकारी साध्या बसने मोफत प्रवास सुरू झाला. तेव्हापासून ती दर पंधरवड्याला बेळगावला जाते, जुन्या गिऱ्हाइकांचे कपडे घेऊन येते, शिवून पोचवते. लोक या योजनेवर काहीही बोलोत, आमच्या घरात मात्र तिने एका बाईचा बंद पडलेला धंदा सुरू केला.

दुसऱ्या वर्षी म्हैस आली. ती सौ.नेच आणली, स्वतःच्या ठेवीच्या व्याजातून. पण आणताना सांगितले, “सकाळची धार माझी, संध्याकाळची तुमची.” आणि ते आजतागायत पाळले जाते.

कागद आधी, कुदळ नंतर

गावाला जाऊ म्हणणाऱ्याने आधी जमिनीचे कागद पाहावेत. आपल्या सीमाभागात हा विषय आणखी गुंतागुंतीचा. चंदगडला जमीन असेल तर सातबारा, खानापूरला असेल तर पहाणी आणि तीही कन्नडमध्ये. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या विश्वासू माणसाला घेऊन बसा, पण प्रत्येक ओळ समजून घ्या. वडिलांचेच नाव अजून चालू असेल तर वारसा लावून घ्या. सर्व्हे नंबरचा तुकडा तोडून घ्यायचा किंवा द्यायचा असेल तर मोजणी खात्याचा ११-ई नकाशा लागतो आणि त्याला वेळ जातो.

जमीन नव्याने घेणाऱ्यांसाठी दोन्ही राज्यांचे कायदे वेगळे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावे लागते. कर्नाटकातही तसेच निर्बंध होते. पण २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे काढून टाकण्यात आली आणि बिगरशेतकऱ्यांना वाट मोकळी झाली. याचा दुसरा परिणामही होतो. शहरातला पैसा खेड्यात येतो, तारेचे कुंपण पडते, फार्महाऊस उभे राहते आणि गुंठ्याचा भाव असा चढतो की खऱ्या शेतकऱ्याला शेजारचा बांधही घेता येत नाही. साधे जीवन जगायला येणाऱ्यांनी निदान हे ध्यानात ठेवावे.

आणि बहिणी! २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्मानेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी आपल्याकडे बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे हा जणू कुळाचार समजला जातो. मला दोन बहिणी. गणपतीला त्या माहेरी आल्या तेव्हा आईसमोर सर्व जण बसलो. मी सांगितले, “हक्कसोड मला नको. जमीन तिघांची. मी कसतो, तुम्हाला दरवर्षी तांदूळ येईल. उद्या कोणाला हिस्सा वेगळा हवा झाला तर मोजून घ्या.” थोरली आक्का काही बोलली नाही, नुसती डोळे पुसत राहिली. धाकटी म्हणाली, “दादा, पोते मोठे बघून भर हं!” आज माझ्या दीड एकरातला माझा हिस्सा अर्ध्या एकराचाच आहे, हे मला ठाऊक आहे. त्यावरच सर्व आखणी करावी लागते. विहीर खणण्याचा विचार त्यामुळेच पुढे ढकलला. पण रात्री झोप लागते.

गवे, डुक्कर आणि पाऊस

दुरून डोंगर साजरे. खानापूरचा पश्चिम भाग तर खरोखरच डोंगरी. कणकुंबीकडे मलप्रभा उगम पावते, तिकडचा पाऊस काय वर्णावा! धूळवाफ पेरणी साधली तर साधली, नाहीतर चिखल करून नट्टी लावायची. नट्टीला माणसे मिळत नाहीत, कारण माणसे उद्यमबागेत! यावर गावात जुना उपाय पुन्हा सुरू झाला आहे. आज तुमच्या शेतात दहा जण, उद्या त्यांच्या शेतात तुम्ही. मजुरी नाही, जेवण घरचे. नोकरी करणारी पोरेही रजा काढून येतात.

पीक पोसवले की जनावरे येतात. गवे, रानडुकरे, मोर, वानरे. खानापूरच्या जंगलातून २००२ च्या सुमारास हत्ती दोडामार्ग-चंदगडकडे उतरले, तेव्हापासून तो घोरही आहे. नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, पण तिथे फोटो, पंचनामा, खेटे. तोवर माळ्यावर जाऊन रात्रीची राखण करावीच लागते. आईच्या काळात राखणीला माणसे गाणी म्हणत. आता मोबाईलवर लावतात. डुकरांना मात्र दोन्हींची सारखीच सवय झाली आहे!

ज्या प्रश्नाला उत्तर नाही

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि उद्यमबागेतला भोंगा थांबला. तेव्हा गावात ज्यांची शेतवड होती, ते गावाला गेले आणि निदान भात-आमटी खाऊन राहिले. ज्यांचे सर्व काही भाड्याच्या खोलीत होते, त्यांचे हाल डोळ्यांनी पाहिले. हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातल्या कामकऱ्यांमध्ये शेतीत असणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता. तो २०१९-२० मध्ये ४५.६ टक्क्यांवर गेला. कित्येक वर्षे कमी होत आलेला आकडा उलटा फिरला. पण तो काही शेतीच्या ओढीने फिरला नाही, दुसरीकडे कुठे जागा नव्हती म्हणून फिरला. संकटात गाव आठवणे वेगळे आणि समजून-उमजून गावात राहणे वेगळे.

मुलगा माझा उद्यमबागेतच आहे, नव्या संगणकीय यंत्रावर. चांगला मिळवतो. गेल्या दोन वर्षांत त्याच्यासाठी तीन-चार स्थळे पाहिली. पहिला प्रश्न, “शेती किती?” दीड एकर सांगितले की समाधान. दुसरा प्रश्न, “मुलगी राहणार कुठे?” गावाला म्हटले की चेहरे उतरतात. शेती हवी, पण मुलीच्या पायाला चिखल नको. एका ठिकाणी तर मुलीच्या आईने स्पष्ट सांगितले, “तुम्ही हौसेने गेलात. आम्ही त्यातून मुलीला बाहेर काढायला शिकवले.” मला राग आला नाही. ती बाई स्वतः पंचवीस वर्षे चिखलात उभी राहिली होती. तिला निसर्गाचे महत्त्व कोण सांगणार?

सौ. म्हणते, मुलगा आणि सून बेळगावात राहोत, सणावाराला येवोत. आईला वाटते, नातवंडे अंगणात खेळावीत. मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्हाला २८ वर्षांच्या पगाराचा आधार होता म्हणून गाव परवडले. मला आत्ताच येऊन कसे परवडेल?” त्याचे म्हणणे खरे आहे. आमच्या साधेपणामागे उद्यमबागेचा पीएफ उभा आहे, हे विसरून चालणार नाही. पण माझ्यामागे ही जमीन कोण कसणार, की पाच-पंचवीस वर्षांनी तिथेही तारेचे कुंपण पडणार, याचे उत्तर आज आमच्या घरात कोणाकडेही नाही.

जाऊ पाहणाऱ्यांसाठी

तरीही ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे. नोकरी सोडण्यापूर्वी निदान एक पूर्ण वर्ष घरखर्चाची वही लिहा आणि त्यातले काय उगवते, काय उगवत नाही ते वेगळे काढा. एकदम सर्व सोडू नका. आधी एक पावसाळा गावात काढा, उन्हाळ्यात गाव सर्वांनाच आवडते. अंगावर कर्ज घेऊन साधेपणा करू नका. तीन गुंठ्यांची भाजी नीट जमली की मगच पुढचा वाफा पाडा. आणि घरातल्या बाईला आधी विचारा, नंतर नव्हे. तिचे ‘हो’ मनापासूनचे आहे की तुमच्या समाधानासाठीचे, हे ओळखण्याइतका वेळ घ्या.

गावाने आम्हाला श्रीमंत केले नाही. पण कणगीत वर्षाचा तांदूळ आहे, बहिणींची पोती वेळेवर जातात, आई आपल्या घरात आहे आणि संध्याकाळची धार मी काढतो. म्हशीला माझा हात आता ओळखीचा झाला आहे. सुरुवातीला लाथ मारत असे.